पत्र्याच्या दारावरचं वाक्य

आमच्या मेडशीच्या पिठगिरणीवाल्याचा एक नेम आहे. गिरणीच्या पत्र्याच्या दारावर तो रोज खडूनं एक इंग्रजी शब्द लिहितो, त्याचा अर्थ आणि खाली स्वतःचं वाक्य. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून मी दळण न्यायला गेलो की तो मला ते तपासायला लावतो. वाक्य मात्र खऱ्या गोष्टीचंच हवं, हा त्याचा हट्ट. "खोटं वाक्य ध्यानात नाई राहत, सर." म्हैस आजारी असली, तर 'सिक'खाली तीच म्हैस.

परवा शब्द होता 'अलोन'. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, लेक सासरी गेल्यापासून मी एकटाच जेवतो. मी घाईत एक क्रियापद दुरुस्त केलं आणि डबा उचलला.

"बरं झालं, सर," पिठाचे हात झटकत तो म्हणाला. "आता वाचनाऱ्याले समजन."

घरी डबा ठेवताना ध्यानात आलं. ते दार गावात माझ्याशिवाय कोणीच वाचत नाही.