सरांच्या पेपरचा दाखला

माणसाच्या आधी त्याच्या मातीची खुशाली विचारणारे गृहस्थ अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच होते, आमच्या कॉलेजातले सूक्ष्मजीवशास्त्राचे सर. मी तिथे ग्रंथपाल होते. सरांच्या खिशात पेनापेक्षा मातीच्या पुड्या जास्त, आणि प्रत्येक पुडीवर गावाचं नाव. त्यांचा शर्ट भिजवला की तळाशी बोटभर गाळ बसे. "आमच्या बादलीत मेथी पेरली तरी उगवंल," असं वहिनी म्हणायच्या. वहिनींचं माहेर अवसरी बुद्रुक. तिथल्या एका लग्नात सर भर पंगतीतून उठले आणि शेजारच्या वावरात भुईमूग उपटायला लागले. मालक ओरडत आला, "ओ पावणं, शेंगा खायच्या तर मागून खावा की!" सर शांतपणे म्हणाले, "शेंगा तुम्हीच ठेवा, मला फक्त मुळं हवीत." मालकाने मुळांवरच्या गाठींकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि वऱ्हाडातल्या एकाला हळूच विचारलं, "ह्यांचं कुणी बरोबर हाय का?"

नव्वदच्या दशकात सरांना डिंगोऱ्याच्या मातीत एक जिवाणू सापडला. तो हरभऱ्याच्या बियाण्याला चोळला की उभी रोपं वाळवणारा मर रोग लागत नाही, असं त्यांना दिसलं. त्यावरचा त्यांचा पेपर एका परदेशी नियतकालिकात छापून आला. तसे त्यांचे आणखी चार-सहा पेपर होते, पण लेकरू म्हणावं असा हा एकच. प्रयोगशाळेत तो जिवाणू वाढवून सर डिंगोऱ्यात बाटल्या फुकट वाटत. गावात त्याचं नावच 'सरांचं औषध' पडलं होतं.

आता राहिलं होतं एकच. जगात कुणीतरी आपल्या लेखात सरांच्या पेपरचा दाखला द्यायचा. मी पुण्याला निघाले की सर एसटी स्टँडपर्यंत येत आणि खिडकीतून म्हणत, "मॅडम, जमलं तर तेवढं बघा." पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयात दाखल्यांच्या सूचीचे जाडजूड खंड होते, मुंगीएवढ्या अक्षरांचे. मी सरांचं आडनाव शोधायची आणि रिकाम्या हाताने परतायची. "असू द्या," ते म्हणत, "मुरायला वेळ लागतो." अशी कितीतरी वर्षं गेली.

आणि एके दिवशी ते नाव सापडलं! मी पेढे घेऊनच परतले. सरांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचं तोंड गोड केलं. दाखला देणारा तो लेख मात्र टपालाने यायला दीड महिना लागला. सरांनी तो माझ्या टेबलापाशी उभ्यानेच वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. त्या लोकांनी सरांचा प्रयोग करून पाहिला होता, आणि जिवाणूचा काहीही उपयोग होत नाही, असं लिहिलं होतं.

सर कुणाशी वाद घालायला गेले नाहीत. डिंगोऱ्यात तात्या म्हणून एक शेतकरी पहिल्यापासून सरांचं औषध वापरायचे, पुढचे दोन हंगाम त्यांच्या वावरात सरांनी अर्धा हरभरा औषध लावून पेरला, अर्धा तसाच. दोन्हीकडे पीक सारखंच आलं. माती मुळातच चांगली होती. औषध नुसतं पाणीच होतं म्हणा.

तेव्हा सरांच्या बढतीचे कागद वर गेले होते. "गप्प बसा, कोण बघतंय?" सहकाऱ्यांनी समजावलं. सर नियतकालिकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, 'चूक' या शब्दाला इंग्रजीत जरा मऊ शब्द आहे का?"

"आहेत की, पुष्कळ."

"मग ते टाळू या," ते म्हणाले.

पत्र छापून आलं, बढती हुकली. सर घरोघर जाऊन औषध लावू नका म्हणून सांगत फिरले. तात्यांकडे मीही बरोबर होते. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चुकलं तर चुकलं, सर. पर तुमी आमच्या बांधावर येत व्हता. आता येनार न्हाई का?" सर बांधावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. तात्या नुसते त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत सर गेले. पुढे आमच्या ग्रंथालयात इंटरनेट आलं, तेव्हा मी सहज त्यांचं नाव टाकून पाहिलं. त्या जुन्या पेपरचे दाखले वाढत चालले होते. कुठकुठल्या देशांतले लोक तो खरा मानून पुढे लिहीत होते. चूक कबूल करणाऱ्या पत्राचा दाखला मात्र एकानेही दिला नव्हता.

मी वहिनींना जाऊन सांगितलं. "कुठल्या पेपरचं म्हनता? त्याच?" त्यांनी विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं.

"बरं झालं, आज ते न्हाईत," त्या म्हणाल्या. "एकेकाला पत्र लिहीत बसले असते."

मला चहा टाकायला म्हणून त्या उठल्या, आणि तशाच पुन्हा खाली बसल्या.