वसुधाताईंची चुकलेली स्लाइड

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रुजू झाले त्या सकाळी विभागप्रमुख डॉ. वसुधाताईंनी माझ्या हातात पितळेची छोटी पट्टी ठेवली. पट्टीत बारीक भोक होतं आणि त्यात मोहरीएवढा काचेचा मणी. मागे काचेच्या नळीत तळ्याचं थेंबभर पाणी होतं.

"डोळ्याला अगदी चिकटवून धर आणि खिडकीकडे बघ," त्या म्हणाल्या.

बराच वेळ काहीच दिसेना. मग एकदम काहीतरी सळसळत गेलं आणि मी ओरडलेच.

ताई हसल्या. "काही शतकांपूर्वी एका डच कापडव्यापाऱ्याने असल्याच मण्यातून हे जीव पाहिले. हे काय आहे ते सांगणारं त्याच्याजवळ कोणीच नव्हतं. त्यामुळे त्याला नीट बघावंच लागलं."

हे मणी ताई स्वतः घडवतात. त्यांच्या गॅरेजमध्ये बर्नर आणि काचेच्या कांड्या असतात. त्यामुळे त्यांचे यजमान अनंतकाका यांची गाडी ऐन हिवाळ्यात बाहेर बर्फात उभी असते. काका दररोज कुरकुरतात आणि दररोज स्वतःच बर्फ काढतात.

चारेक महिन्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलीचा नमुना आला. कॉन्टॅक्ट लेन्स घालून ती सरोवरात पोहली होती. डोळा लालबुंद, वेदना असह्य, औषधाने उतार नाही. बुबुळावरून खरवडून घेतलेला तो नमुना ताईंनी तपासला आणि 'विशेष काही आढळले नाही' असा रिपोर्ट दिला.

दुसऱ्या दिवशी स्लाइड जागेवर ठेवण्याआधी मी सहज पाहिली. एका कोपऱ्यात दोन गोल कण होते, दोन्हींना दुहेरी भिंत. ताईंचा अनुभव तीस वर्षांचा, माझा चार महिन्यांचा. तासभर मी दुसऱ्याच स्लाइड लावत राहिले. मग त्या मुलीचं वय आठवलं आणि उठले.

"ताई, ही स्लाइड एकदा परत बघाल का? माझंच चुकत असेल."

त्यांनी पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग मान वर केली.

"तुझं बरोबर आहे, अश्विनी. चुकले ती मी. हा अमीबा आहे, सरोवराच्या पाण्यातून डोळ्यात शिरलेला."

माझ्यासमोरच त्यांनी नेत्रतज्ज्ञांना फोन लावला. "कालचा माझा रिपोर्ट चुकीचा आहे. माझ्या सहकारी अश्विनी यांच्या लक्षात आलं. उपचार आजच बदलायला हवेत." कारणं नाहीत, सारवासारव नाही. फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या. मी पाणी आणून दिलं. "एक दिवस गेला गं तिचा," एवढंच त्या म्हणाल्या.

उपचार कित्येक महिने चालले. दर आठवड्याला ताई स्वतः फोन करून चौकशी करत. अखेर डोळा वाचला. एका दुपारी ती मुलगी आईबरोबर लॅबमध्ये आली, स्वतः गाडी ड्राइव्ह करत. ताईंनी तिला मिठी मारली आणि झालेली चूक तिलाही स्पष्ट सांगितली. ती म्हणाली, "बट यू कॉल्ड माय डॉक्टर."

ती स्लाइड ताईंनी निवृत्त होईपर्यंत टेबलावर ठेवली होती. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्या ती दाखवत: "ही मी चुकलेली. तुम्हाला काही दिसलं तर बोला." आज त्या जागेवर मी बसते, आणि माझ्या हाताखालची मुलं मला बिनधास्त टोकतात. ही ताईंचीच कमाई.

आता दर रविवारी त्या मराठी शाळेत मुलांना आपले मणी दाखवत असतात. परवा एक चिमुरडी मण्यातून बघता बघता किंचाळली, "काकू, इट्स मूव्हिंग!" ताई म्हणाल्या, "मराठीत सांग." ती विचार करून म्हणाली, "ते... चालतंय, आणि त्याला घाई आहे!" ताईंचा चेहरा असा खुलला की बघत राहावं.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत; गुडघे थोडे कुरबुरतात. मोतीबिंदू काढल्यापासून नजर मात्र लख्ख आहे. ताई, तुम्हाला आणि काकांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अजून पुष्कळ वर्षं तुम्ही आमच्या चुका दाखवा, आणि तुमची एखादी दिसलीच, तर न घाबरता सांगायला आम्ही आहोत.