आक्का दरीवरून फिरून आली, पण ‘जातंय’ म्हणाली नाही

आमच्या आक्काला गुडघे आहेत, ही बातमी आळीत दीड वर्षापूर्वी पसरली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजी वारल्यापासून ती मालवणात आमच्याकडे राहते आणि तेव्हापासून तिने पुढच्या दाराचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. बाजार म्हणा, देऊळ म्हणा, उत्तर एकच: "माझे गुडगे."

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भावोजी कुडाळला बीपीच्या गोळ्या आणायला निघाले, गाडी चुकेल म्हणून घाईत "जातंय गो" म्हणाले, आणि बसस्टँडवरच कोसळले. आमच्याकडे निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात, मालवणीत ‘येतंय’. सगळा संसार भावोजी तेच म्हणत आले आणि त्या एका सकाळी चुकले. तेव्हापासून आक्का उंबरठ्यापर्यंत जायची, तोंड मिटून उभी राहायची आणि मागे फिरायची. आम्ही गुडघ्यांना तेल लावत होतो, दुसरं काय करणार?

गेल्या नोव्हेंबरात मुलाने मुंबईहून एक व्हिडिओ पाठवला. आंबोलीच्या बाजूला ज्येष्ठांसाठी झिपलाइन सुरू झाली होती. पांढऱ्या केसांच्या एक बाई तारेला लटकून दरी ओलांडत होत्या. आक्काने तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"ह्याका गुडगे लागणत नाय," ती म्हणाली.

मी मुलाला बुकिंग करायला सांगितलं. निघताना ती मागच्या दाराने, कोणाशी काही न बोलता, गाडीत जाऊन बसली.

आता रस्ता. मालवणहून चौके, धामापूर, कुडाळ आणि मग हायवे. सावंतवाडीचा फाटा नीट लक्ष ठेवून घ्यावा. मी घेतला नाही. मी कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर रस्ता बघणं हे चालकाचं काम होतं. थेट इन्सुलीच्या एक्साइज नाक्यापाशी पोचल्यावर माझी बायको मंगल म्हणाली, "ह्यो रस्तो गोव्याक जाता." गाडी वळवली तर आम्ही गोव्याहून येणाऱ्यांच्या रांगेत. डिकी उघडावी लागली. आत खटखटे लाडू, शेकायची पिशवी आणि एका बाटलीत गुलाबी द्रव. साहेबांनी बाटली उघडून वास घेतला.

"सोलकढी," मी म्हणालो.

"ते कळलं," ते म्हणाले आणि बाटली जरा नाराजीनेच परत दिली.

दाणोलीनंतर घाट सुरू होतो. रस्ता चांगला आहे, पण धुक्यात समोरचं काही दिसत नाही, म्हणून दिवे लावून सावकाश जावं. मुक्कामाचं लॉज स्वच्छ, खाली खोली मागितली तर देतात. जेवणात तांबडा रस्सा होता. मंगलने तो ताकासारखा पातळ आणि फटाक्यासारखा तिखट असल्याचं वेटरला कळवलं. वेटरने आभार मानले. तिकिटाचा आकडा इथे लिहीत नाही, कारण आक्काला मी निम्मा सांगितलाय आणि ती माझा ब्लॉग वाचते.

सकाळी झिपलाइन. तिथले पाटील कोल्हापूरकडचे, भरघोस मिशांचे गृहस्थ. आधी बीपी मोजतात, मग पट्टे बांधून हेल्मेट घालतात. चष्म्याला दोरी लावावी, कवळी काढून जवळच्या माणसाकडे द्यावी. मंगल तारेवर बसणार नव्हती; तिला कवळी सांभाळायचीही इच्छा नव्हती, म्हणून माझी माझ्याच खिशात राहिली. नियम एकच. तयार असाल तर खणखणीत ‘जातो’ म्हणायचं, त्याशिवाय पाटील सोडत नाहीत. ऐन वेळी माणसं कचरतात. कोणी ‘येतो’ म्हटलं की त्याला मागे यायचंय असं धरून ते पट्टे काढतात.

आक्का पहिली उभी राहिली. खाली नुसतं धुकं.

"म्हणा आजी," पाटील म्हणाले.

"येतंय," आक्का म्हणाली.

पाटलांनी पट्टे काढले. "असू द्या. लई जणांचं होतंय असं. या मागं."

"मागे कित्याक? माका पुढे सोड!"

पुन्हा पट्टे बांधले. पुन्हा "येतंय". पुन्हा पट्टे निघाले. रांगेतल्या एका काकूंनी, "यांचं ठरलंय का नक्की?" असं विचारलं.

मी पाटलांना समजवायला पुढे झालो, तेवढ्यात आक्काच बोलली. "माझो घोव जातंय म्हणान गेलो, तो परत इलोच नाय. मी तसा म्हणूचंय नाय."

दीड वर्षात तिने हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेही एका परक्या माणसाला, डोक्यावर हेल्मेट घालून. मी तिचा धाकटा भाऊ, इतके दिवस एका छपराखाली होतो, आणि तेलाशिवाय मला काही सुचलं नव्हतं.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्यात पण येतोच म्हणत्यात, आजी. पण घरातनं निघताना. तारेवरनं नाही." मग ते वायरलेसवर पलीकडच्या माणसाला म्हणाले, "आजी ‘येते’ म्हणणार हायत. त्याचा अर्थ जाते, असा घ्यायचा."

"अर्थ तसो नाय," आक्का म्हणाली. "फिरान येतलंय मां मी!"

पाटलांनी तिसऱ्यांदा पट्टे बांधले.

"येतंय!" आक्का ओरडली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

पलीकडून परतायला दुसरी तार आहे, किंवा चढाची पायवाट. आक्का कुठून येईल ते कळेना. तार थरथरायची थांबली, धुकं तसंच. मंगल माझा दंड धरून उभी होती आणि मी कंडक्टर असूनही पुढे काय करायचं ते मला आठवेना. मग दुसरी तार वाजायला लागली. आधी चपला दिसल्या, मग पातळाचा काठ, मग आक्का, पाय हलवत.

"इलंय," ती मला म्हणाली.

त्यानंतर मीही गेलो. पूर्ण वेळ डोळे मिटलेले असल्यामुळे दरीचं वर्णन वाचकांनी दुसरीकडे वाचावं.

घरी येऊन आठवडा झाला. माझी कंबर अजून दुखतेय, मंगल अजून त्या रश्शाबद्दल बोलतेय. काय राहिलं म्हणाल, तर आज सकाळची गोष्ट. आक्काने खुंटीवरची मासळीची पिशवी काढली आणि पुढच्या दारात गेली. उंबरठ्यापाशी थांबली. मी पेपरातून मान वर केली नाही.

"येतंय रे," ती म्हणाली.

बाजार तसा जवळ आहे. पण मी तो पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचला आणि त्यातलं एक अक्षर आता सांगता येणार नाही. मग फाटक वाजलं. पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर आलेल्या.

"इलंय," आक्का म्हणाली.