भिंत की कपाट?

बसवनगुडीच्या दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. माझं मात्र त्याला सगळं कळलं. तो बेळगावकडचा, साठीला टेकलेला. दुसऱ्याचा हात असा अलगद उचलायचा, जणू भाजीवालीकडची काकडी पारखतोय.

मी घरी सांगितलं होतं की न्हाणीघरात घसरलो. बायको दोन दिवस म्हणत होती, "मीच फरशी ओली ठेवली." आणि मी, सांगायला लाज वाटते, तिला तसं म्हणू देत होतो.

त्यानं एक्स-रे उजेडात धरला. "घसरणारा हात टेकतो अण्णा, त्याचं मनगट मोडतं. करंगळीखालचं हे हाड बुक्की मारून मोडतं. भिंत की कपाट?"

बायको शेजारीच उभी होती.

"कपाट," मी छताकडे पाहत म्हणालो. "किल्ली सापडत नव्हती. नंतर माझ्याच खिशात निघाली."

"हाड फार सरकलं नाही. चार आठवड्यांत जुळेल." त्यानं करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. "एकटी सोडली तर वाकडी जुळते."

"परवापासून कपाटाचं दार लागत नाहीये," बायको शांतपणे म्हणाली. "तरी मी फरशीचं घोकत बसले. म्हटलं, हे एकदा तरी 'नाही गं' म्हणतील."

मी मान खाली घातली. त्यानं प्लास्टरवर तारीख लिहिली, हात धुतले आणि म्हणाला, "सरी, ठीक आहे. हाडाचं झालं. बाकीचं घरी जुळवा."