एक पायरी खाली

मुलींच्या वसतिगृहात वॉर्डनबाईंना पाठीमागे सगळ्या ‘जेलर’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. घरी नवराही कमी नव्हता. कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर तो, समितीची बैठक असली की डबा भरून देताना हमखास विचारायचा, “मग जेलरबाई, आज कुणाला सुळावर चढवणार?”

“मी चढवते, साहेब उतरवतात. त्याचाच तर पगार मिळतो मला.”

यात थट्टा थोडी आणि खरं जास्त होतं. विद्यापीठाच्या शिस्तपालन समितीत एक रीतच पडून गेली होती. वॉर्डनने शिक्षा सुचवायची, मग अध्यक्षांनी चष्मा पुसत “पोरंच आहेत हो” म्हणायचं आणि एक पायरी खाली यायचं. वसतिगृहातून काढा म्हटलं की दंड व्हायचा, दंड म्हटलं की नुसती समज. हे ध्यानात आल्यापासून बाई मनात असेल त्याच्या एक पायरी वर बोलू लागल्या. टेबलावर हात आपटायच्या, आवाज चढवायच्या. मुली बाहेर येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, पण मुलींचं वर्ष वाचायचं.

त्या हिवाळ्यात विद्युत शाखेच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी अडकली. अंगाने काडी, पण हातात कसब. बाईंचा मुका झालेला रेडिओ तिनेच बोलता केला होता. तिच्या खोलीतली मैत्रीण तापाने फणफणलेली आणि मजल्यावरचा गिझर बंद. घटकाभराचाच प्रश्न म्हणून हिने बोळातल्या दिव्याच्या लाइनीवरून जोड घेतला आणि बादलीत पाणी तापवायची कॉइल सोडली. दिव्यापुरती बारीक वायर ती, तिला हा भार कुठला झेपणार? आवरण वितळलं, भिंत काळी पडली, मजलाभर धूर झाला. इजा कुणाला झाली नाही. पण नियमावलीत आगीचं कलम वेगळं होतं.

“बाई, बाबा निमित्तच शोधतायत,” मुलगी म्हणाली. “वसतिगृह सुटलं की माझं शिक्षण सुटलं.”

“अगं, कोण सोडायला लावतंय? मी तिथे तुझी सालटी काढेन, तू मनावर घेऊ नकोस. मान खाली घालून उभी राहा. तापाबिपाचं काही सांगत बसू नकोस, सबबी ऐकल्या की साहेब लोक बिथरतात. दंडावर भागेल.”

बैठकीला अध्यक्षांच्या खुर्चीत नवे साहेब होते. जुने निवृत्त झाल्याचं बाईंना माहीत होतं. पण माणूस बदलला तरी रीत कुठे जाते, असं त्यांनी धरलं होतं. त्या नेहमीपेक्षा चढ्या आवाजात बोलल्या. मजला जळाला असता, मुली मेल्या असत्या, असल्या मुलीला वसतिगृहात एक दिवस ठेवू नका.

“तुला काही सांगायचंय?” साहेबांनी मुलीला विचारलं.

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी हलकेच मान हलवली, नाही. मुलगीही “नाही” म्हणाली. तिला बाहेर बसवलं.

बाई वाट पाहत राहिल्या. नव्या साहेबांना चष्माच नव्हता.

“वॉर्डन रात्रंदिवस मुलींत असतात. त्यांना एवढं वाटतंय तर आपण कोण मधे पडणार?” ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. “वर्षभर वसतिगृह बंद.”

“साहेब, तसं नाही,” बाई अर्धवट उठल्या. “मैत्रीण आजारी होती हो तिची. गरम पाण्यासाठी केलं.”

“मग तिने का नाही सांगितलं? मी विचारलं होतं ना?” साहेबांचा आवाज मऊच होता. “आता मन कच्चं करू नका, बाई. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून शिस्त आहे.”

बाहेर बाकावरून मुलगी लगबगीने उठली. “काय बोललात, बाई! मला तर खरंच वाटलं. किती दंड पडला?”

बाईंना तिथल्या तिथे सांगावं लागलं. मुलगी पुन्हा बाकावर बसली.

तिला न्यायला वडील आले. चपला दाराबाहेर काढून ऑफिसात शिरले, हात जोडले.

“उपकार झाले, बाई. आम्ही सांगून थकलो, पोरगी ऐकत नव्हती. आता गुमान घरी राहील.”

बाईंच्या तोंडी आलं होतं, मी खोटं बोलत होते, दादा. पण ते ऐकूनही तो माणूस पोरीची ट्रंक घेतल्याशिवाय परतला नसता.

मुलीने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

“भिंतीतली ती वायर अजून तशीच आहे, बाई. कुणी दिवा लावायच्या आत बदलून घ्या.”

वडिलांनी ट्रंक उचलली. बाई मेन स्विच बंद करायला बोळात गेल्या.