वीरगळाजवळचं वळण

ताज्या फुटलेल्या खडीचा जळका वास आला की मला बाहत्तरचा दुष्काळ आठवतो. मी नुकतीच लग्न होऊन नगरच्या पूर्वेकडच्या एका वाडीत आले होते. अकरा घरं, उघडा माळ आणि कोरडा ओढा, एवढीच वाडी. दुष्काळी कामावर आम्ही बायका रस्त्यासाठी खडी फोडत होतो. आखलेल्या रस्त्यात वाडीचा वीरगळ आला. त्या दगडावर तलवार घेतलेला माणूस आणि गाई कोरलेल्या होत्या. वाडीची गुरं वाचवताना तो पडला, असं सगळे सांगत. “फोडा ह्यो धोंडा,” मुकादम म्हणाला. कुणी हललं नाही. “मग उद्यापासून कामावर येऊ नगा!” काम गेलं तर चूल बंद होणार होती, तरी माझ्या सासूबाईंनी हातोडा खाली ठेवला. “ह्यो हुता म्हनून वाडी हाय. आमी न्हाई फोडायचो,” त्या म्हणाल्या. मीही हातोडा ठेवला, मग एकेक करत सगळ्याजणींनी. माळावरची ठणठण थांबली. मुकादमानं बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच फक्कीची रेघ दगडाला वळसा घालून ओढली. आता तो रस्ता डांबरी झालाय. गाडी तिथं वळली की मी नातवंडांना दर वेळी सांगते, हे वळण आम्ही बायकांनी पाडलंय.