पाय कापलेली बाज

निंबव्वा मशीनवर बसलेली असली की नवख्या माणसाला काही वेगळं वाटत नसे. ती स्टुलावरून खाली उतरली की मात्र तो आधी बघायचा आणि मग न बघितल्यासारखं करायचा. उभी राहिली की शिलाई मशीनच्या फळीच्या वर तिचे खांदे आणि डोकं एवढंच दिसायचं. मशीन चालवायचा पायटा पायाला लागावा म्हणून तिने त्यावर लाकडाचे ठोकळे ठोकून घेतले होते. खणाची चोळी आणि बाळाची कुंची शिवावी तर निंबव्वानेच, असं अख्खं गुळेदगुड्ड गाव म्हणत असे. दोन पिढ्यांच्या बाळांची डोकी तिने झाकली होती. तिच्या स्वतःच्या कुशीत बाळ येईल असं मात्र कोणालाच वाटत नव्हतं. ते वाटत नाही, हेही लोक तिच्या तोंडावर, चोळीचं माप देता देता सांगत.

फकीरप्पाने तिच्याशी लग्न केलं तेव्हा गल्लीने महिनाभर चघळलं. तो हातमागावर विणायचा. चांगला उंचापुरा, पण तोंडात शब्द नाही. आईबाप लवकर गेलेले. थोरल्या बहिणीने, चन्नव्वाने, त्याला वाढवला. तिने बस म्हटलं की तो बसे. चन्नव्वा बागलकोटला दिलेली. नवऱ्याची खानावळ, घर भरलेलं, मूल नाही.

निंबव्वाला दिवस राहिले तेव्हा ती पहिल्यांदा हसली ते डॉक्टरीणबाईंच्या समोर. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या बाईंनी मात्र हसू आवरायला लावलं. तुझं कंबरेचं हाड अरुंद आहे, कळा येईपर्यंत थांबायचंच नाही, वेळेच्या थोडं आधी तारीख ठरवून पोट उघडायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तुझ्या पाठीच्या कण्यात सुई देणंही कठीण, तेव्हा पूर्ण भूल द्यावी लागेल. निंबव्वाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कापणार ते उभं की आडवं? आडवं, म्हणाल्या. दोरा कुठला? आतला विरघळतो, म्हणाल्या. मग निंबव्वाचं समाधान झालं. आडव्या शिवणीला ताण कमी येतो, हे तिला माहीत होतं.

गल्लीला या तारखेचं भारी हसू आलं. आता बाळंसुद्धा एसटीसारखी वेळापत्रकाने सुटायला लागली, असं पाणी भरताना बायका म्हणत.

चन्नव्वा सातव्या महिन्यात ओटी घेऊन आली. हिरव्या बांगड्या भरल्या, पोट भरून जेवण झालं, पान लावता लावता ती म्हणाली, "काय गं निंबी, वाटणी आधीच करून ठेवू या. तुझ्यासारखं झालं तर तुझं. आमच्यासारखं झालं तर माझं."

बायका हसल्या. निंबव्वाही हसली. फकीरप्पा खाली मान घालून सुपारी कातरत होता; त्याने ती अजून बारीक कातरली.

ती थट्टा होती, आणि नव्हती. संध्याकाळी निघताना चन्नव्वा निंबव्वाच्या आईशी, दुंडव्वाशी, हळू आवाजात बोलली. पोट फाडलेली बाई घागर उचलू शकत नाही. हिला तर धड होती तेव्हाही उचलता येत नव्हती. बाजेवरून उतरायला दुसरं माणूस लागणार, रडणारं पोर घ्यायला दुसरं माणूस लागणार. बारसं झालं की मी घेऊन जाते, हिला ताकद येईपर्यंत. दुंडव्वाचं वय झालेलं, गुडघे गेलेले; ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ताकद येईपर्यंत म्हणजे किती, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

निंबव्वा पडद्याआड सगळं ऐकत होती. तिला त्या दिवसापासून एकच काम उरलं: ताकद यायला वेळ लागणार नाही अशी तजवीज करायची.

तपासणीला गेली की ती परिचारिकेला खोदून खोदून विचारी. टाके असताना उठायचं कसं? सरळ उठून बसायचं नाही, परिचारिकेने दाखवलं. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या कोपराने अंग उचलायचं. खोकला आला तर उशी पोटाशी दाबून धरायची. निंबव्वाने माहेरी येऊन तिथल्या बाजेवर ते करून बघितलं. कुशीवर वळली, पाय सोडले. पाय हवेत. बाजेपासून जमिनीपर्यंत हातभर अंतर. एरवी ती टुणकन उडी मारून उतरायची. टाक्यांवर उडी मारणार कशी?

ती बाज साधी नव्हती. दुंडव्वाच्या सासूच्या वेळची, सागवानी, उंच पायांची. खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवता यावी म्हणून मुद्दाम उंच केलेली. गल्लीतल्या कुठल्याही घरी बाळंतीण आली की ती बाज दोघांच्या डोक्यावरून तिथे जायची आणि सव्वा महिन्याने धुऊन परत यायची. निंबव्वा तिच्यावरच जन्मली होती.

दुंडव्वा यल्लम्माच्या दर्शनाला गेलेली बघून निंबव्वाने सुताराला बोलावलं आणि बाजेचे चारही पाय गुडघ्याखालून कापून घेतले. तिच्या गुडघ्याखालून, सुताराच्या नव्हे. सुताराने करवत खाली टेकवली. मी पाप घेणार नाही, म्हणाला. पाप माझं, करवत तुझी, असं तिने सांगितल्यावर त्याने कापले.

दुंडव्वा परत आली आणि पायरीवरच बसली. "अगं, शेगडी कुठं घालू आता, माझ्या डोक्यावर? गल्लीला तोंड कसं दाखवू? असल्या बाजेवर मढंसुद्धा कोणी ठेवायचं नाही."

"मढ्याला उतरायचं नसतं, अव्वा. मला उतरायचंय."

दोन दिवस दुंडव्वा बोलली नाही. गल्ली मात्र भरपूर बोलली. सासवांनी येऊन कापलेले तुकडे उचलून बघितले. काहींनी तर डोळ्याला पदर लावला. निंबव्वा मशीनवर बसून एक पट्टा शिवत राहिली. दवाखान्यातून देतात तो पोटपट्टा तिच्या छातीपासून मांडीपर्यंत आला असता, म्हणून स्वतःच्या मापाचा, आतून मऊ सुती, बांधायला पुढून नाड्या. डॉक्टरीणबाईंना आधी दाखवून आणला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि चालेल म्हणाल्या.

बुधवारी ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भरती झाली तेव्हा निंबव्वाने फकीरप्पाला जवळ बोलावलं. मी भुलीत असणार, म्हणाली. बाळ बाहेर आणतील तेव्हा मी नसेन. फकीरप्पाने मान हलवली. त्याला कळलं की नाही, हे त्याच्या मानेवरून कधीच कळत नसे.

शुद्धीवर आली तेव्हा घसा कोरडा होता आणि पोटावर कोणी तापलेली इस्त्री ठेवलीय असं वाटत होतं. तिने आधी आवाज ऐकला तो चन्नव्वाचा. मुलगा होता. हातपाय लांबसडक, फकीरप्पाचेच. हा आईसारखा नाही, असं डॉक्टरांनीही बघून सांगितलं होतं. म्हणजे वाटणी झालीच होती. चन्नव्वा हात पुढे करून उभी होती, मधाचं बोट लावते म्हणत होती. आणि फकीरप्पा भिंतीला टेकून फरशीवर बसला होता, मांडीवर गुंडाळलेलं बाळ.

"मध द्यायचा नाही म्हणालेत," तो म्हणाला.

"बरं, मध नको. दे तर."

"निंबी उठल्यावर."

चन्नव्वाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू मांजर बोललं. जन्मात पहिल्यांदा त्याने तिला नाही म्हटलं होतं, तेही खाली बघूनच. निंबव्वाने ओठ हलवले. परिचारिकेने बाळ आणून तिच्या छातीशी लावलं.

पुढचे दिवस कोणाला सांगावे असे नव्हते. पोटात वारा धरला, तो सुटेपर्यंत तिला मरण बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या उंच खाटेशी पायरी लावून तिला उभं केलं, तेव्हा सगळं पोट जमिनीवर सांडेल असं वाटून ती पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. चार पावलं टाकली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, एवढीशी आहेस, पण पावलं मोठी टाकतेस. निंबव्वाला हसायचं होतं. हसलं की टाके ओढत, म्हणून तिने नुसतेच डोळे मिचकावले.

घरी आल्यावर कापलेल्या बाजेवर अंथरूण घातलं. शेगडी पायथ्याशी, जरा दूर ठेवली. दुंडव्वाने शेपूची भाजी, लसणाची चटणी, गरम भाकरी, डिंकाचे लाडू असा धडाका लावला. टाके वाळेपर्यंत कढत पाण्याची आंघोळ नाही, हे मात्र तिला पटवायला डॉक्टरीणबाईंचा फोन लागला. निंबव्वा कुशीवर वळायची, पाय सोडायची आणि तळवे गार फरशीला टेकायचे. तेवढ्यासाठी तिला दिवसातून कितीदा तरी उठावंसं वाटे. पाळण्याचे दोरही तिने लांब करून घेतले. पाळणा जमिनीपासून जेमतेम हातभर वर, तिच्या कमरेशी.

एका दुपारी गल्लीतली एक सून बघायला आली. तिलाही गेल्या वर्षी टाके पडलेले. ती बाजेवर बसली, उठली, परत बसली. "आमच्या वेळी ही अशी असती तर," एवढंच म्हणाली. तिची सासू दारात होती; तिने ऐकलं नाही असं केलं.

बारशाच्या आदल्या दिवशी चन्नव्वा आली. हातातल्या पिशवीतून तिने दुधाची बाटली, पावडरचा डबा, नवं दुपटं काढून फळीवर मांडलं. इतक्यात बाळ रडलं. चन्नव्वा उठली.

"राहू दे, अक्का," निंबव्वा म्हणाली.

ती कुशीवर वळली. पाय टेकले. कोपरावर अंग तोललं, पट्ट्यावर हात दाबला आणि उभी राहिली. पाळण्याशी गेली, मानेखाली हात घालून बाळ उचललं, परत येऊन बसली आणि पदराखाली घेतलं. घाई केली नाही. मुद्दाम हळूही केलं नाही.

"आज जमलं," चन्नव्वा म्हणाली. "रोज जमेल?"

"रोजच जमतं. आज तुम्ही बघितलंत."

चन्नव्वा खाली बसली. तिने विचारलं की मग उद्या तिचं काम काय. तिचा आवाज बारीक झाला होता. निंबव्वाला तो ओळखीचा वाटला. वर्षानुवर्षं कुंची शिवून दारात दुसऱ्याच्या हातात देताना तिचा स्वतःचा आवाज तसाच व्हायचा.

"आत्याने नाव ठेवायचं असतं, अक्का. दुसऱ्या कोणाला मी ठेवू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळणा इतका खाली की गाणं म्हणणाऱ्यांना हलवायला वाकावं लागलं. जाडजूड बायका तर कंबर धरून फरशीवरच बसल्या. बाळ पाळण्यावरून पलीकडे द्यायचं आणि खालून परत घ्यायचं, हा विधी दुंडव्वा आणि चन्नव्वा करणार असं सगळ्यांनी धरलं होतं. निंबव्वा स्वतः येऊन एका बाजूला उभी राहिली. दुंडव्वा सरकली.

निंबव्वाने बाळ पाळण्यावरून पलीकडे दिलं. चन्नव्वाने गुडघे टेकून घेतलं. गाण्याचं कडवं संपलं. बाळ खालून परत यायला हवं होतं, आलं नाही. चन्नव्वा त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याची लांब बोटं तिच्या मंगळसूत्रात अडकली होती. गाणाऱ्या बायका थांबल्या. दारातला फकीरप्पा पुढे आला. निंबव्वाने त्याला नजरेनेच थांबवलं आणि पाळण्याखालून दोन्ही हात पलीकडे केले. आखूड हात, तळवे उघडे. तिने हात मागे घेतले नाहीत.

चन्नव्वाने एकेक बोट सोडवलं. बाळाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली. मग ते पाळण्याखालून निंबव्वाच्या हातांवर ठेवलं.

"काय ठेवलंत?" दुंडव्वाने विचारलं.

"त्याच्या आईला सांगते आधी," चन्नव्वा म्हणाली आणि गुडघ्यांवरच पाळण्याला वळसा घालून निंबव्वाच्या कानाशी आली. तिला अजिबात वाकावं लागलं नाही.